ताकीद आणि फारखत

भीमेच्या दक्षिणेस, मालदांडी ज्वारीच्या काळ्या शिवारांनी वेढलेल्या मंगळवेढ्याची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात एका पावतीमुळे पसरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पंधराव्या शतकात, बहामनी अंमलात, दुष्काळाने माणसे रस्तोरस्ती पडू लागली असता येथील अंमलदार दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेस खुली केली. हाताखालच्या एका अधिकाऱ्याने ती खबर बिदरास पोहोचवली. पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. आणि पंत वाटेत असतानाच कोणी एक विठू महार, म्हणजे वेष पालटलेला पांडुरंगच, बादशहाच्या दरबारात हजर होऊन, धान्याचा सगळा ऐवज मोजून देऊन, शिक्क्याची पावती घेऊन निघून गेला, ही कथा महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे आणि कीर्तनकारांनी ती मराठी मुलखात घरोघर नेली आहे.

कथेतील चमत्काराकडे भाविकांचे चित्त वेधते, ते स्वाभाविकच होय. परंतु राज्यकारभाराच्या इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला तीत आणखीही काही दिसते. पांडुरंगाने बादशहाची बुद्धी पालटली, किंवा पंतांच्या हातापायांतील बेड्या आपोआप गळून पडल्या, एवढे सांगून कथाकाराला थांबता आले असते, आणि श्रोत्यांनी ते आनंदाने मानलेही असते. तो तेथे थांबत नाही. त्याच्या कथेत देवालाही द्रव्य मोजून द्यावे लागते, भरणा झाल्याचा कागद मागून घ्यावा लागतो, आणि तो पंतांच्या गीतेच्या पोथीत आठवणीने ठेवावा लागतो. कारण त्या कागदाखेरीज आरोप मिटला, अशी खात्री ना बिदरात कोणाला पटली असती, ना मंगळवेढ्यात.

ही कथा या गावात एकटी नाही. तिच्या आधी सुमारे तीनशे वर्षे, बाराव्या शतकात, मंगळवेढे हे कलचुरी बिज्जलाच्या सत्तेचे मूळ ठाणे होते. कल्याणच्या चालुक्यांचे सिंहासन बळकावण्यापूर्वी त्याचा कारभार येथून चाले, आणि बसवेश्वरांनी राजसेवेस आरंभ केला तो येथल्याच खजिन्यात, हिशेब लिहिणाऱ्या कर्णिकाच्या पदावरून, असे परंपरा सांगते. पुढे भांडाराची जोखीम त्यांच्याकडे आल्यावर त्यांच्यावरही आळ आला, की राजकोशातील द्रव्य ते शिवभक्त जंगमांच्या सेवेत उधळतात. राजाने कोश उघडवून मोजदाद करविली, आणि हिशेब कवडीकवडीने जुळला. एकाच गावाच्या स्मृतीत दोन महापुरुषांची निर्दोषता अशी हिशेबाने सिद्ध व्हावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. सरहद्दीवरचे हे ठाणे चालुक्य, कलचुरी, यादव, बहामनी, आदिलशाही अशा सत्तांच्या हातांतून फिरत राहिले. 1665 च्या डिसेंबरात, मिर्झाराजे जयसिंगाच्या विजापूरवरील मोहिमेत, शिवाजी महाराजांच्या फौजांनी ते जिंकले. आणि ज्या गावावर काही पिढ्यांनी नवा धनी येतो, त्या गावाला जुन्या धन्याशी आपले देणेघेणे मिटल्याचा पुरावा जिवापाड जपावाच लागतो, नाहीतर तीच बाकी नवा धनी पुन्हा मागतो.

या परंपरेच्या उजेडात आजच्या एका अगदी सामान्य प्रसंगाकडे पाहावेसे वाटते. मंगळवेढ्यास येणारा माणूस रस्त्यानेच येतो. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपुरास पोहोचली आणि 1927 मध्ये पुढे मिरजेस जाऊन मिळाली, तरी ती गेली सांगोल्याच्या बाजूने. संतांच्या या गावाला आगगाडी लाभली नाही. दूध घालायला, बी-बियाणे न्यायला, तहसील कचेरीतून उताऱ्याची नक्कल काढायला आसपासच्या खेड्यांतून शेतकरी येतो तो आता बहुधा दुचाकीवर. गावाच्या चौकात त्याला शिट्टी ऐकू येते. डोक्यावर हेल्मेट नसते, किंवा विम्याची मुदत टळलेली असते, किंवा पाठीमागे दोघे बसलेले असतात. शिपाई गाडीचा क्रमांक पाहतो, परवाना मागतो, चार शब्द सुनावतो आणि म्हणतो, ‘जावा आता, पुन्हा असं दिसलं तर सोडणार न्हाई.’ शेतकरी ‘व्हय साहेब’ म्हणून हात जोडतो आणि मोकळ्या मनाने घरी जातो. मग काही दिवसांनी त्याच्या मोबाइलवर, किंवा गाडी ज्याच्या नावावर आहे त्या थोरल्या भावाच्या मोबाइलवर, संदेश येतो, की अमुक तारखेस, अमुक वेळी, अमुक ठिकाणी घडलेल्या गुन्ह्याबद्दल इतका दंड येणे आहे. तारीख तीच, वेळ तीच, चौकही तोच.

हा अनुभव एका गावाचा नाही आणि एका ठाण्याचाही नाही. महाराष्ट्रात कोठेही तो ऐकू येतो. असा प्रसंग ओढवलेल्या माणसांशी मी बोललो आहे, आणि त्यांच्या बोलण्यात पैशाच्या हळहळीपेक्षा वेगळीच व्यथा मला जाणवली आहे. रकमेवरून ते फारसे भांडत नाहीत. आपली चूक होती, हेही बहुतेक जण कबूल करतात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो, की सोडले असे तोंडावर सांगितले, तर मग धरले कधी? हा प्रश्न क्षुल्लक समजून उडवून देण्याजोगा नाही. अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दाला किंमत किती, आणि तो शब्द कोठवर बांधून ठेवतो, हा राज्य आणि रयत यांच्यातील फार जुना व्यवहार आहे, आणि त्याचे दाखले मंगळवेढ्याच्या पंचक्रोशीत जागोजाग सापडतात.

मंगळवेढ्याहून सोलापूरच्या वाटेवर, भीमेच्या काठी, माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वराचे देऊळ लागते. येथल्या ब्रह्मपुरीस 1695 पासून 1699 पर्यंत औरंगजेबाची छावणी होती. तिला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले होते, आणि काबूलपासून कर्नाटकापर्यंतच्या साम्राज्याचा कारभार त्या वर्षांत या नदीकाठच्या राहुट्यांतून चालला. मोगली कारभाराचा शिरस्ता असा होता, की बादशहाच्या मुखातून निघालेला शब्द प्रथम वाकेनवीस टिपून घेई. त्यावरून याददाश्त तयार होई. आणि ती पुन्हा एकदा बादशहापुढे मांडून मंजूर करून घेण्यासाठी ‘अर्ज-ए-मुकर्रर’ नावाचे स्वतंत्र खातेच असे. एखाद्याची मनसब वाढवली किंवा घटवली, जहागीर दिली किंवा काढून घेतली, तर तो हुकूम या दुसऱ्या वाचनातून पार पडल्याशिवाय पक्का ठरत नसे. ज्याच्या एका शब्दावर माणसांची मुंडकी उडत, त्या आलमगिराचाही तोंडी शब्द कारकुनाच्या लेखणीतून आणि पुनर्वाचनातून गेल्यावरच पुढे चाले, ही गोष्ट आजच्या महामार्गावरून माचणुराजवळ भीमा ओलांडताना माझ्या मनात हटकून येते. त्या बादशहाविषयी प्रेम वाटण्याचे मराठी माणसाला काही कारण नाही. पण त्याच्या दफ्तराची शिस्त मान्य केली पाहिजे.

मराठी राज्यातही ताकीद असे ती लेखी. पद्मदुर्गाच्या कामावर असलेल्या दर्यासारंग आणि दौलतखान या आरमारी अधिकाऱ्यांना वेळेवर ऐवज व गल्ला पोहोचविण्यात कुचराई झाली, म्हणून प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना शिवछत्रपतींनी 18 जानेवारी 1675 रोजी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ते पत्र वाचताना अंगावर काटा उभा राहतो, इतकी त्यातील भाषा तिखट आहे; परंतु त्या तिखटपणातही एक न्याय आहे, कारण अपराध कोणता, त्याचा परिणाम काय झाला आणि यापुढे हयगय झाल्यास काय होईल, हे सर्व त्या सुभेदाराला एकाच कागदात, आपल्या नावानिशी वाचायला मिळाले. धन्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, याचा त्याला अंधारात अंदाज बांधावा लागला नाही.

पेशवाईत हा व्यवहार अधिक बारकाव्याचा झाला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून निवडून काढलेले उतारे चाळले, तर अपराध आणि शासन यांचा केवढा मोठा पसारा सरकारी जमाखर्चात नोंदला जात होता, याची कल्पना येते. दंडाची रक्कम ‘गुन्हेगारी’ या सदराखाली जमा होई, आणि ती ठरविताना अपराधाइतकाच अपराध्याच्या ऐपतीचाही विचार केला जाई. दाव्यात जिंकणाऱ्याकडून हरकी नावाची रक्कम घेत. बोलावणे घेऊन जो प्यादा जाई, त्याचा मसाला, म्हणजे मेहनताना, बोलावलेल्या माणसाच्या माथी बसे, आणि हा मसाला कधीकधी मूळ दंडाहून जड वाटावा इतका जाचक होई. या पद्धतीचे समर्थन मला करता येणार नाही. पुन्हा अपराध करणार नाही, असा मुचलका लिहून घेत आणि त्यास जामीन मागत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे तुटला म्हणजे महजर होई, आणि त्यावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी अशा निशाण्या उमटत. अक्षरशून्य माणसेही आपापल्या कसबाच्या खुणेने त्या निवाड्याला साक्ष राहत.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते कौल आणि अभयपत्रे. दुष्काळाने किंवा दंग्याने गाव परागंदा झाले, एखाद्याच्या हातून मोठा गुन्हा घडून तो मुलूख सोडून गेला, आणि सरकारच्या मनात त्यास क्षमा करून परत आणावयाचे असले, तर नुसता निरोप धाडून भागत नसे. मागील गोष्टीची आठवण धरली जाणार नाही, घरी येऊन सुखाने नांदावे, अशा आशयाचे अभयपत्र लिहून द्यावे लागे, आणि ते हातात पडल्याशिवाय शहाणा माणूस वेशीच्या आत पाऊल टाकीत नसे. शिक्षा लिहून ठेवावी लागते, हे कोणत्याही सरकारला आपोआप कळते, कारण तिच्यात सरकारचे येणे असते. क्षमाही लिहून द्यावी लागते, हे कळण्यास मात्र रयतेविषयी थोडी आस्था असावी लागते, आणि जुन्या मराठी कारभाराला ती होती.

येथे कोणी म्हणेल, की खेड्यातला सारा न्याय तर तोंडीच चालत असे. ते खरे आहे. दुसऱ्याच्या पिकात गुरे घालणे, बांध कोरणे, बाजारात शिवीगाळ करणे असल्या गोष्टी पाटील चावडीवर बोलावून, दटावून, फार झाले तर किरकोळ दंड करून मिटवी. पेशवाई बुडाल्यावर या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात पाटलाच्या या अधिकाराची दखल घेतली आहे. पण चावडीवरचा तोंडी शब्द टिकत असे, त्याची कारणे होती. तो शब्द चार माणसांदेखत उच्चारलेला असे. ज्याने दटावले त्याच्याच हातात शासनाचाही अधिकार असे, म्हणून त्याने ‘जा’ म्हटले की प्रकरण संपे, त्याच्यामागे दुसरे कोणी दप्तर उघडून बसलेले नसे. शिवाय दटावणारा आणि दटावलेला उद्या त्याच पाणवठ्यावर आणि त्याच देवळात समोरासमोर येणार असत, आणि दिलेला शब्द फिरवल्याची लाज पाटलालाही बाळगावी लागे. साऱ्या गावाची स्मृती हेच तेथले दफ्तर होते. ही तीन बंधने नाहीशी झाल्यावर उरतो तो तोंडी शब्द अगदी दुबळा असतो.

वाटेवरच्या वसुलीचा इतिहासही हेच सांगतो. पेशवाईत मालाच्या वाहतुकीवर जकात असे. माल भरला जाई तेथे थळभरीत, उतरून विकला जाई तेथे थळमोड, आणि मधल्या नाक्यांवर निरनिराळी वसुली. ज्वारीची पोती लादून मंगळवेढ्याहून निघालेल्या बैलगाडीवानाला किंवा बैलांचे तांडे हाकणाऱ्या वंजाऱ्याला सर्वांत मोठे भय कशाचे असेल, तर एका नाक्यावर भरलेली रक्कम पुढच्या नाक्यावर पुन्हा मागितली जाण्याचे. त्यासाठी दस्तके, म्हणजे वाटेचे परवाने, निघत. त्यासाठीच हुंडेकरी नावाचा एक वर्ग उदयास आला, जो व्यापाऱ्याकडून ठरावीक रक्कम घेऊन वाटेतील सगळ्या नाक्यांचे देणे स्वतः भागवी आणि माल मुक्कामी सुखरूप पोहोचवी. एल्फिन्स्टनला या हुंडेकऱ्यांचे महत्त्व चांगले उमगले होते. आपले देणे कोठे आणि केव्हा संपले, हे वाटसरूला निश्चित कळावे, एवढ्याच गरजेपोटी एक आख्खा धंदा जन्मास आला आणि भरभराटला.

अर्थात हा कागदाचा आधार सर्वांना मिळत नव्हता, आणि मंगळवेढ्याचा इतिहास लिहिताना हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच गावात, गावकुसाचे बांधकाम चालू असता, 1338 मध्ये भिंत कोसळून संत चोखामेळा आणि त्यांच्याबरोबरची माणसे गाडली गेली. वेठीस धरलेल्या त्या माणसांची नावे कोणत्या दफ्तरात चढली नव्हती; त्यांच्या मरणाचा जाब कोणी विचारला नाही आणि कोणी दिला नाही. नामदेवांनी येऊन चोखोबांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी बांधली, एवढीच काय ती नोंद संतपरंपरेने ठेवली. आणि पुढे याच मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले, ते घेऊन शिपाई आले, आणि त्या शब्दावर दाद मागण्याची जागा पांडुरंगाच्या पायांखेरीज तिला उरली नाही. दामाजीपंत अंमलदार होते. म्हणून त्यांच्या कथेत पावती येते. चोखोबा आणि कान्होपात्रा यांच्या कथांत कागद कोठेच नाही, आणि म्हणूनच त्या कथांचा शेवट मृत्यूत होतो. तोंडी हुकुमाचे ओझे नेहमी खालच्या माणसावर अधिक पडते, हे या गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात मंगळवेढे पटवर्धनांच्या सरंजामात होते, आणि पुढे सांगली संस्थानाचा एक तालुका म्हणून ते 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी 1 जूनला पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली, आणि हळूहळू बैलगाडीच्या चाकोऱ्यांवर डांबर चढले. मोटारगाडीचा कायदा मात्र या देशात त्याआधीच आला होता; 1914 चा पहिला अखिल भारतीय कायदा, नंतर 1939 चा अधिक विस्तृत, आणि आज चालू असलेला 1988 चा, जो 1 जुलै 1989 पासून अमलात आला. या कायद्यांच्या जोडीनेच आणखी एक मोठा पालट घडला. 1951 मध्ये मुंबई राज्याने न्याय आणि अंमलबजावणी ही दोन कामे कायद्याने विभक्त केली, आणि 1962 मध्ये महाराष्ट्राने पाटलाचे वंशपरंपरागत मुलकी पद रद्द केले. दटावणारा एक, दंड ठरविणारा दुसरा, अशी वाटणी झाली. ती इष्टच होती. पाटलाच्या आणि मामलेदाराच्या मनमानीखाली भरडलेल्या पिढ्यांना ती हवीच होती. परंतु रस्त्यावर उभ्या राहिलेल्या शिपायाच्या ‘जा’ या शब्दात चावडीवरच्या पाटलाच्या ‘जा’चे बळ आता राहिले नाही, ही गोष्ट मात्र कोणी खेड्यात जाऊन सांगितली नाही.

कायद्याच्या पुस्तकात या तोंडी शब्दाचे स्थान शोधू गेले, तर मोठी विलक्षण गोष्ट आढळते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 209 मध्ये असे म्हटले आहे, की मर्यादेपेक्षा अधिक वेगाने किंवा धोकादायक रीतीने गाडी चालविल्याच्या आरोपावरून कोणालाही दोषी ठरविण्यापूर्वी तीनपैकी एक गोष्ट झालेली असली पाहिजे: गुन्हा घडला त्याच वेळी, खटला भरण्याचा विचार केला जाईल, अशी त्याला सूचना दिलेली असावी, किंवा 14 दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस त्याला अथवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला पाठवलेली असावी, किंवा 28 दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. ही तरतूद 1939 च्या कायद्यातही होती, आणि तिचे मूळ इंग्लंडच्या 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्यात आहे. तिच्यामागचा हेतू मोठा न्याय्य होता. वेगाचा आरोप महिन्यांनंतर अचानक पुढे आला, तर त्या दिवशी आपण कोठे होतो, रस्ता कसा होता, बरोबर कोण होते, हे सामान्य माणसाला आठवणार नाही, साक्षीदार पांगतील, म्हणून स्मृती ताजी असतानाच त्याला सावध करावे. म्हणजे कायद्याने रस्त्यावरच्या तोंडी सूचनेला मान दिला आहे खरा, पण तो खटल्याचा पहिला टप्पा म्हणून. शेतकरी ज्या शब्दाला सुटका समजतो, त्याच प्रकारच्या शब्दाला कायदा आरंभ समजतो. आणि हे संरक्षणही त्या दोन अपराधांपुरतेच आहे. हेल्मेट, विमा, तिघांची बैठक, यांना कलम 209 लागू नाही.

प्रकरण संपविणारी ताकीदही कायद्यात आहे, पण ती दुसरीकडे. 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या कलम 3 प्रमाणे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा केवळ दंडास पात्र असलेल्या अपराधात, ज्याच्यावर पूर्वी दोष शाबित झालेला नाही अशा माणसाला, शिक्षा देण्याऐवजी समज देऊन सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ही ताकीद न्यायासनावरून दिली जाते, निकालपत्रात लिहिली जाते, आणि तिच्यानंतर त्या अपराधाचे काही देणे उरत नाही. तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे जागेवर तडजोड शुल्क भरले, तर त्या गुन्ह्याबाबत पुढे खटला चालत नाही, असे कायदा सांगतो. देणे मिटल्याचा कागद म्हणजे फारखत; ही जुन्या काळची फारखतच होय. पोलिसाने परवाना काढून घेतला, तर त्याची पोच देण्याचे बंधन कलम 206 ने घातले आहे, आणि ती पोच खिशात असेपर्यंत गाडी चालविता येते. म्हणजे पैसे दिले तर पावती, परवाना दिला तर पोच, न्यायालयात गेला तर निकाल. कागद नाही तो फक्त त्या माणसाजवळ, ज्याला ‘जा’ म्हणून सांगितले गेले.

मुंबईत 2016 मध्ये ई-चलन सुरू झाले आणि 2019 पासून ते राज्यभर पसरले. या योजनेला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. रस्त्यावर हातोहात फिरणाऱ्या नोटांना तिने बराच आळा घातला आहे, आणि गाळपाच्या हंगामात रात्रीच्या अंधारात, मागे परावर्तक न लावता उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत जाणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे दर वर्षी ज्यांच्या घरी आकांत होतो, त्यांनी दंडाची भीती आणखी वाढावी, असेच म्हटले पाहिजे. परंतु या यंत्राने एक जुनी गोष्ट मोडली आहे. पूर्वी दंड व्हायचा तर तो समोर व्हायचा. आता छायाचित्र एका क्षणी निघते, नोंद दुसऱ्या क्षणी चढते, आणि संदेश तिसऱ्याच माणसाच्या हाती पडतो. शिपायाने मनापासून सोडले असेल आणि आधीच्या वळणावर दुसऱ्या कोणी छायाचित्र घेतले असेल. किंवा नोंद करूनच त्याने दटावले असेल आणि दंड होणार हे सांगायचे राहून गेले असेल. किंवा आलेल्या माणसाशी वाद नको, म्हणून मुद्दामच सांगितले नसेल. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काय घडले, हे कळण्यास मार्ग नाही, आणि ज्याला दंड झाला त्याला तर नाहीच. बोललेले लिहिले गेले नाही आणि लिहिलेले बोलले गेले नाही, अशी ही स्थिती आहे.

केंद्र सरकारने 11 ऑगस्ट 2021 रोजी मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम घालून, कॅमेऱ्यासारख्या उपकरणांनी टिपलेल्या गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठविली पाहिजे, आणि प्रकरण निकालात निघेपर्यंत तो इलेक्ट्रॉनिक पुरावा जपून ठेवला पाहिजे, असे बंधन घातले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. त्याच्या जोडीला, रस्त्यावर थांबवून केवळ समज दिलेल्या माणसाची नोंदही त्याच हातयंत्रात ‘समज दिली’ म्हणून व्हावी, आणि तिचा संदेश त्याच्या मोबाइलवर तत्काळ जावा, एवढी मागणी फार मोठी नाही. यंत्र तेच आहे, शिपाईही तोच आहे. दंडाचा संदेश पाठविण्यास जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ यास लागणार नाही. आणि नोंद झाल्यामुळे दुसऱ्यांदा तोच अपराध करणाऱ्याला आपण प्रथमच सापडलो, असे सांगता येणार नाही, हा सरकारचाही लाभ आहे.

तोपर्यंत ज्याला असे चलन आले आहे, त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. रक्कम भरून मोकळे व्हावे, किंवा न्यायालयात जावे. मंगळवेढ्यास प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतींत अशी प्रलंबित चलने मोठ्या संख्येने तडजोडीने मिटविली जातात. बहुतेक लोक पहिली वाट धरतात, कारण एका दिवसाचा रोजगार आणि वकिलाची फी यांच्यापुढे पाचशे-हजार रुपये थोडे वाटतात. पण प्रत्येक वेळी हा हिशेब रुपयांचाच असतो, असे नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194-ड मध्ये हेल्मेटविना दुचाकी चालविल्याबद्दल एक हजार रुपये दंडाबरोबरच तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रतेचीही तरतूद आहे. पहाटे पाच वाजता दुचाकीला कॅन बांधून डेअरीवर दूध पोहोचविणाऱ्या माणसाला ते तीन महिने कसे काढायचे, हे ठरविण्यासाठी आपल्यावर गुन्हा नोंदला गेला आहे की नाही, हे त्याच दिवशी, त्याच चौकात समजणे अवश्य आहे.